कानाचा चमत्कार आणि पायाचा अंगठा

मला कमी ऐकू येतं हे मंडळीला माझ्याआधी कळलं. त्यात नवल नाही. पाळकाचं काम बोलायचं असतं. त्यानं ऐकावं अशी कोणाची फारशी अपेक्षा नसते. शहाद्याच्या या चर्चमध्ये मी इतकी वर्षं बोलत आलोय की कान हळूहळू गंजले तरी कामात कुठे खोट आली नाही. लोक येत, समोरच्या खुर्चीवर बसत, आपली दुःखं सांगत. मी मान हलवत असे. त्यांचे ओठ थांबले की डोक्यावर हात ठेवून सुरू करायचो, "प्रभू, तू सर्व काही जाणतोस." हे वाक्य फार सोयीचं आहे. आपल्याला काही कळलेलं नसलं तरी तक्रार योग्य जागी पोचते. एकदा एका बाईची म्हैस मेली होती आणि मी डोळे मिटून मनापासून उपकारस्तुती केली. बाई रडत घरी गेली. मला वाटलं, आनंदानं रडतेय.

म्हशीच्या प्रकरणानंतर माझे कान स्त्री-मंडळाच्या ताब्यात गेले. आमच्या स्त्री-मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे डोंगरातल्या एका आश्रमशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नोकरी सुटली, पण हजेरी घेण्याची सवय सुटली नाही. देवाचीही त्या हजेरी घेतात. प्रार्थनेत त्या मागत नाहीत, आठवण करून देतात: मागच्या शुक्रवारी अमुक सांगितलं होतं, अजून झालेलं नाही. त्यांनी जाहीर केलं की पाळकसाहेबांच्या कानांसाठी दर शुक्रवारी उपास-प्रार्थना होईल. सकाळपासून पोटात काही नाही, दुपारी सभा, आणि सभेनंतर उपास सोडायला मेथीची भजी आणि चहा. भज्यांचा वास पाळक निवासापर्यंत यायचा. नाक माझं शाबूत आहे.

माझ्या बायकोनं उपास केला नाही, कारण तिला पित्ताचा त्रास. ती एवढंच म्हणाली, "बाया प्रार्थना करताहेत ना? मग आपण नंदुरबारची बस पकडू." माझ्यामुळे आमचा टीव्ही शेजारची घरं आपापल्या ओट्यावर बसून ऐकत होती, आणि तिची सहनशक्ती संपली होती. नंदुरबारच्या कानाच्या डॉक्टरनं तपासलं आणि एक यंत्र बसवून दिलं. शेंगदाण्याएवढं. कानामागे बसतं, बारीक नळी आत जाते. दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझी बायको चालताना स्वतःशी बोलते. काय बोलते तेही कळलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी मी कानटोपी घालून उपासनेला उभा राहिलो. नाताळ नुकताच होऊन गेला होता, सातपुड्याकडून बोचरा वारा सुटला होता, आणि अशा दिवसांत आमच्याकडे पाळकानं कानटोपी घातली तरी कोणी धर्माचा प्रश्न काढत नाही. लांब प्रार्थनेसाठी मी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझी मंडळी ऐकू आली. मागच्या बाकावर पपईच्या भावाची चर्चा चालली होती. खिडकीपाशी कोणीतरी शेंगा फोडत होतं. पंचांपैकी एक जण घोरत होते, तेही तालात. माझी प्रार्थना कुठवर आली ते एक पोक्त आवाज शेजाऱ्याला सांगत होता, "आते आजारीसवर उना. राज्यकर्ता बाकी शेतस. तू चहा पी ये." आजवर ज्या शांततेला मी भक्तिभाव समजत होतो ती माझ्याच कानातली होती. मी राज्यकर्त्यांना त्या दिवशी वगळलं.

प्रार्थनेनंतर आमच्याकडे साक्षी होतात. म्हणजे ज्याच्यावर देवानं काही कृपा केली असेल त्यानं उभं राहून सांगायचं. साधारण त्याच त्या साक्षी असतात: बोअरला पाणी लागलं, पोरगा पास झाला, मोटरसायकल घसरली पण हाड मोडलं नाही. त्या दिवशी कानटोपी काढून यंत्र दाखवायचं आणि डॉक्टरचे आभार मानायचे असं मी ठरवून आलो होतो. पण अध्यक्षबाई माझ्याआधी उठल्या. "काल संध्याकाळी मी पाळकसाहेबांना मागून अगदी हळू हाक मारली," त्या म्हणाल्या, "आणि ते वळले." मग त्या थांबल्या. वर्गात उत्तर सांगण्याआधी थांबतात तशा. "आमच्या उपासाचं फळ मिळालं आहे."

चर्च नुसतं दणाणलं. टाळ्या, ढोलक, हालेलुया. यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हल्ली डोंगराकडे मांडव टाकून चमत्काराच्या सभा घेणारे बाहेरगावचे प्रचारक येतात. मोठे भोंगे, चकचकीत कोट, आणि स्टेजवर कुबड्यांचा ढीग. त्यांच्यापुढे आमचं जुनं चर्च म्हणजे सरकारी दवाखाना. सगळीकडे फिरून झालं की लोक शेवटी आमच्याकडे येणार. आमच्याकडे कधी चमत्कार होत नाही ही मंडळीच्या मनातली जुनी सल होती. आज तो घरचाच झाला होता, आणि तोही पगारी माणसावर.

मी कानटोपी काढली. यंत्र बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असं धरलं. म्हणालो, हे यंत्र आहे, नंदुरबारच्या डॉक्टरनं दिलंय, बॅटरीवर चालतं, बॅटरी संपली की मी पुन्हा ठार बहिरा. क्षणभर शांतता झाली. या वेळी ती खरी होती, असं मी म्हणणार होतो, पण यंत्र हातात असल्यामुळे खात्री नाही. यंत्र परत कानात घातलं तेव्हा अध्यक्षबाईंचं वाक्य अर्ध्यावर आलं होतं: "...नम्रता पाहा. एवढी मोठी कृपा झाली, पण स्वतःकडे मोठेपणा घेत नाहीत." मी म्हटलं, डॉक्टरनं दिलं. एक पंच म्हणाले, "आणि डॉक्टर कोणी दिला?" हे वाक्य मीच त्यांना शिकवलेलं आहे.

आठवड्याभरात बातमी घाट चढून मोलगीच्या बाजारात पोचली. वाटेत यंत्र कुठेतरी पडलं. मोलगीत पोचेपर्यंत मी जन्माचा बहिरा झालो होतो. एक जीप भरून लोक माझा कान बघायला आले. त्यातल्या एका आजीनं परवानगी न घेता कानाला हात लावला आणि तोच हात आपल्या गुडघ्यांवर फिरवला. माझ्या बायकोनं सगळ्यांना चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर धरून हसत बसली. मी रागावलो होतो, पण खरं सांगायचं तर थोडा सुखावलोही होतो. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि या वयात कोणी आपला कान बघायला जीप करून येईल असं वाटलं नव्हतं.

ती गंमत रविवारी संपली. साक्षीच्या वेळेला भाऊ उठले.

भाऊ म्हणजे आमचे सगळ्यात जुने पंच आणि माझे मित्र. वयानं माझ्याहून मोठे. पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात त्यांनी बॉयलरवर सगळी नोकरी केली आणि निवृत्त होताना मधुमेह घेऊन बाहेर पडले. बायको काही वर्षांपूर्वी गेली, मुलगा-सून सुरतेला. रविवारी ते चर्चमध्ये ढोलक वाजवतात आणि रोज संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात. आम्ही दोघं फिरायचो तेव्हा तेच बोलायचे आणि मी मान हलवायचो, त्यामुळे मैत्री टिकली होती. नाताळात त्यांनी नवे बूट घेतले. घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरताना डाव्या पायाचा बूट चावला. अंगठ्याला फोड आला, फुटला, चिघळला, आणि आता अंगठा काळा पडला होता. गावातल्या सर्जननं त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं: अंगठा लगेच काढावा लागेल. थांबलात तर पाऊल जाईल, आणखी थांबलात तर पाय, आणि मग दवाखान्यात येण्याची गरज राहणार नाही.

भाऊ उभे राहिले, काठी टेकून. "डॉक्टर म्हनस अंगठा कापना पडी. मी कापू देवाव नही. ज्या देवनी पास्टरना कान उघडा, तोच मन्हा पाय बी बरा करी." सगळं चर्च आमेन म्हणालं. इतकं मोठं आमेन की माझ्या यंत्रात शिट्टी वाजली. स्त्री-मंडळानं तिथल्या तिथे शुक्रवारचा विषय बदलून घेतला. आता उपास अंगठ्यासाठी.

मला भीती वाटली. ज्या माणसाबरोबर रोज संध्याकाळी फिरतो तो माझ्या कानामुळे मरणार होता.

मी आधी अध्यक्षबाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, भाऊ तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा ऑपरेशन करून घ्या. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाळकसाहेब, पाळकानंच अविश्वास पेरायचा?" मी म्हटलं, तुमच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सुरतेला बदलल्या, तेव्हा उपास का नाही केला? त्या म्हणाल्या, "ते वेगळं." काय वेगळं ते विचारलं, तर म्हणाल्या, गुडघ्यांचं आधीच ठरलेलं होतं. मी उठलो. जाताना त्यांनी माझ्या हातावर केळीचे वेफर्स ठेवले. त्या वाईट बाई नाहीत. त्यांचा अंगठा शाबूत होता, एवढंच.

मग मी अख्खा उपदेश डॉक्टर या विषयावर केला. डॉक्टरचे हात, औषधाची कृपा, शरीराची काळजी. जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. भाऊ पहिल्या बाकावर होते, पाय समोरच्या स्टुलावर, हळद लावून फडक्यात बांधलेला. पायाला वास येत होता. आणि तिथे मला आमची मंडळी पूर्ण दिसली, ऐकू येण्याची गरजच राहिली नाही. त्यांच्या बाकावरचे लोक एकेक करून मागे सरकले होते. मागच्या बाकावर नाकाला रुमाल लावून बसले होते आणि रुमालाआडून आमेन म्हणत होते. त्या अंगठ्यावर देवानं हात ठेवावा अशी सगळ्यांची इच्छा होती. स्वतः जवळ बसायची कोणाची तयारी नव्हती. उपासना संपल्यावर दारात लोकांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, आजचं वचन फार छान झालं.

सोमवारी दुपारी मी भाऊंच्या घरी गेलो. ते अंगणात बसले होते, पाय उलट्या घमेल्यावर. चेहरा उतरलेला, ताप असावा. मी रागावलो की अहिराणीवर येतो. म्हटलं, "भाऊ, पहिले पाय जाई, मंग तुम्ही जाशात. मन्हा कानमा मशीन शे. चमत्कार नही व्हयना. किती दाव सांगू?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आजारी आहे. "मशीन शे हाई माले माहीत शे," ते म्हणाले. "मी जनमभर बॉयलरवर व्हतू. मशीन काय ऱ्हास हाई तुम्ही माले नका शिकाडा."

मी त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो. म्हणजे हा माणूस त्या आमेनच्या आड लपला होता. ऑपरेशन नको म्हणायला त्यांना कारण हवं होतं, आणि आमच्या मंडळीत चमत्काराइतकं बिनतक्रार कारण दुसरं मिळत नाही. मी विचारलं, मग खरं काय? चिरफाडीची भीती? ते नाही म्हणाले. मग म्हणाले, दवाखान्यात त्यांनी वॉर्डबॉयला विचारलं होतं, कापलेला अंगठा कुठे जातो.

"पिवयी थैलीमा टाकतस. मंग ती थैली भट्टीमा." त्यांनी हातानं झोकायची खूण केली, वर्षानुवर्षांच्या सवयीची. "भट्टीमा टाकेल चीज परत येस का? शेवटला दिन कर्णा वाजई, समदा उठतीन. मी बी उठसू. मन्हा अंगठा कोठे? ती तठे आख्खी उठई, अन मी लंगडत लंगडत तिनाकडे जाऊ का?"

ती म्हणजे त्यांची बायको. मी घसा साफ केला. पाळकांच्या शाळेत मी हे शिकलोय. तिथे शेवटच्या दिवशी मेलेल्यांतून उठलेल्या शरीरावर आम्हाला एक अख्खा पेपर होता. मी सांगू लागलो की ते शरीर वेगळं असतं, आत्मिक असतं, त्याला हाडामांसाचा हिशोब लागत नाही. भाऊंनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाले, "तिना मयतले तुम्ही सांगं व्हतं, जशी ठेवी तशीच उठई."

सांगितलं असणार. प्रत्येक मयतीला सांगतो. खड्ड्याच्या काठावर माणूस रडत उभा असतो, माती ओढायला लोक खोळंबलेले असतात, अशा वेळी आत्मिक शरीरावर पेपर सोडवत बसत नाहीत. जे बरं वाटेल ते सांगायचं आणि गाणं सुरू करायचं. लोक ते घरी जाईपर्यंत विसरतात अशी माझी समजूत होती. हा माणूस त्या एका वाक्यावर इतकी वर्षं एकटा जेवत होता, आणि आता त्यासाठी पाय द्यायला निघाला होता.

माझ्याकडे दोन रस्ते होते. त्यांचं वाक्य खोडून काढायचं, किंवा वाक्याला जागायचं. खोडून काढण्याइतका मी धीट नाही, आणि त्यांच्या पायाला तेवढा वेळ नव्हता.

"तो अंगठा मी डॉक्टरकडथीन मागी लयसू," मी म्हटलं. "आपन त्याले पुरसूत."

भाऊंनी मान वर केली. "कब्रस्तानमा?"

"कब्रस्तानमा."

"तिना जोडे?"

"तिना शेजारीच. तुम्हनी जागा शेच तठे."

ते विचारात पडले. कारखान्यात नवा वॉल्व्ह आणून दाखवला तर माणूस जसा उलटसुलट करून बघेल तशी त्यांनी माझी सूचना मनात फिरवून पाहिली. "प्रार्थना करशात? पुरी?"

"अंगठापुरती."

"मंग चला," ते म्हणाले आणि काठी शोधू लागले. "आते उशीर कसाले?"

सर्जन तरुण होता. माझी मागणी ऐकून आधी हसला, मग माझा पांढरा गळपट्टा बघून थांबला. म्हणाला, असं पहिल्यांदाच कोणी मागतंय. मी म्हटलं, मीही पहिल्यांदाच मागतोय. ऑपरेशन झालं. बाहेर येऊन त्यानं सांगितलं, पाऊल वाचलं, पण शेजारचं बोटही काढावं लागलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आला असतात तर ते राहिलं असतं. एवढ्या मोठ्या आमेनला एक बोट लागलं होतं.

दोन्ही बोटं त्यानं औषधाच्या पाण्यात, झाकण घट्ट लावून, एका बरणीत दिली. प्रश्न असा होता की भाऊंना घरी सोडेपर्यंत बरणी ठेवायची कुठे. माझ्या बायकोनं ती लोणच्याच्या फडताळात ठेवू द्यायला साफ नकार दिला. शेवटी बरणी चर्चच्या कपाटात गेली, प्रभुभोजनाचे पेले ठेवतो त्याच्या खालच्या खणात. कुलूप लावून किल्ली मी जवळ ठेवली.

पण कब्रस्तान मंडळीचं, म्हणून पंचांची सभा बोलवावी लागली. चमत्कारावर ज्यांनी चकार शब्द काढला नव्हता त्यांनी दोन बोटांवर दुपार घालवली. एक जण म्हणाले, हा पायंडा पडेल. आज बोटं, उद्या कोणी पडलेले दात घेऊन येईल. दुसऱ्यांनी विचारलं, घंटा वाजवायची का, आणि वाजवायची तर पूर्ण माणसाची वाजवायची का. तिसऱ्यांचा मुद्दा असा की भाऊ अजून जिवंत आहेत, आणि जिवंत माणसाचा दफनविधी करणं शुभ नाही. शुभ-अशुभ आपण मानत नाही, अशी आठवण मी करून दिली. ते म्हणाले, मानत नाही, पण शुभ नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ज्याला त्या बोटांच्या शेजारच्या बाकावर बसवलं नाही, त्यानं ती कुठे पुरायची हे ठरवू नये. सभा तिथेच संपली. परवानगी कोणी दिली नाही आणि कोणी नाकारलीही नाही, आमच्या पंचांचं बहुतेक काम असंच चालतं.

रविवारी अध्यक्षबाई साक्षीला उठल्या. आमच्या उपासामुळे पाऊल वाचलं, त्या म्हणाल्या, फक्त दोन बोटांवर निभावलं. चर्च पुन्हा दणाणलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आमेन म्हणालो. थकलो होतो. आणि पाऊल वाचलं होतं हे काही खोटं नव्हतं.

आमचं कब्रस्तान गावाबाहेर प्रकाशा रस्त्याच्या बाजूला आहे. एका अंगाला कोणा पाटलाचा ऊस, दुसऱ्या अंगाला बाभळी. तिथे कोणी यायला नको म्हणून आम्ही कामाचा दिवस आणि सकाळची वेळ निवडली. रिक्षात आम्ही तिघं: भाऊ, मी आणि माझी बायको. बरणी तिच्या मांडीवर, टॉवेलमध्ये. लोणच्याच्या फडताळात जागा न देणारी बाई रस्त्याचा प्रत्येक खड्डा आला की बरणीवर दोन्ही हात ठेवत होती.

भाऊंच्या बायकोच्या कबरेशेजारी एका माणसाची जागा मोकळी आहे. त्या मोकळ्या जागेच्या पायथ्याशी मी कुदळीनं खड्डा खणला. या वयात कुदळ मारायची म्हणजे दर दोन घावांनंतर आभाळाकडे बघावं लागतं. लांबून बघणाऱ्याला प्रार्थना वाटते. बोटं एका पांढऱ्या रुमालात गुंडाळून ठेवली. मग मी उभा राहिलो, पुस्तक उघडलं आणि मयतीच्या विधीचं पान काढलं.

ते वाक्य तोंडाशी आलं. जशी ठेवली तशी उठतील. शेकडो वेळा म्हटलेलं, झोपेतही म्हणू शकेन असं. आणि मला ते म्हणता येईना. समोरचा माणूस ते शब्दशः घेणार होता, उरलेली आठ बोटं आणि उरलेलं आयुष्य त्यावर टाकणार होता. पहिल्यांदाच मला वाटलं की आपण काय बोलतोय ते कोणीतरी ऐकतंय. मी पुस्तक मिटलं. म्हणालो, "प्रभू, हे तू कसं करणार ते मला माहीत नाही. मला माहीत असल्यासारखं मी बोलत आलो. या माणसाचा तुझ्यावर भरवसा आहे. हे जपून ठेव." यापुढे काही सुचलं नाही, म्हणून आमेन म्हटलं.

भाऊ मोठ्यानं आमेन म्हणाले. त्यांना प्रार्थना तोकडी वाटली असणार. आम्ही माती लोटली. माझ्या बायकोनं आपल्या पदराला बांधून आणलेली झेंडूची फुलं वर ठेवली. मी रिक्षाकडे निघालो. दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं की काठीचा आवाज मागून येत नाही, म्हणून वळून पाहिलं.

भाऊ बायकोच्या कबरेवर वाकले होते. एक हात काठीवर, दुसऱ्या हातानं तिच्या दगडावरचा पाचोळा झाडत होते. संध्याकाळी फिरताना माझ्याशी बोलायचे त्याच आवाजात ते तिला सांगत होते, "दोन बोटं पुढे धाडेल शेतस. बाकीना मी मांगून येस. घाई नको करू."